सड्यावरचा महाल गुरांनी खाल्ला नाही, त्याची हकीकत

श्री गजाननास नमन. श्री शारदेस नमन. ज्या खडकावर बैसोन हे लिहितो त्या खडकासही नमन; तो ओला आहे, सबब लिखाणात कोठे घाई दिसल्यास वाचकांनी कारण समजोन घ्यावे. शके सतराशे त्रेपन्न, खर नाम संवत्सर (नाव संवत्सराचे आहे, कोणी आपले अंगास लावोन घेऊ नये), श्रावण वद्य द्वितीयेपासोन चतुर्थीपर्यंत, त्या तीन दिवशी राज्याचे पश्चिम अंगास सड्यावर जो थोर वनमहाल उभा होता तो तेवीस गाईंनी खाल्ला. पडदे खाल्ले, भिंती खाल्ल्या, छप्पर खाल्ले, आणि उंबरठा चाटोन स्वच्छ केला. ही मुख्य हकीकत. आता हुजुरांची ताकीद ऐसी की महाल गुरांनी खाल्ला ऐसे कोणी लिहू नये, कारण महाल बांधिलाच नव्हता, आणि जो बांधिला नाही तो खाल्ला कैसा जाईल? तरी वरील मजकूर आपण वाचिला नाही ऐसे समजोन वाचकांनी पुढे चालावे. आम्हीही तो लिहिला नाही.

तर जे घडले नाही ते येणेप्रमाणे घडले. राज्यात सर्व होते. किल्ले होते, बागा होत्या, अठरा कारखाने होते, आणि दरबारात नित्य वाहवा म्हणणारे दीडशे मानकरी होते. उणे ते एक की परराज्यांतील थोर पाहुणे डोंगर, फुले व धुके पाहावयास म्हणोन शेजारील राज्यात जात आणि आमचेकडे कोणी येत नसे. शेजारील राजाने सरोवराचे काठी तीन मजली अतिथिगृह उभे केले होते आणि ते ऐसे थोर की त्यामागे सरोवर दिसेनासे जाहले, मग राजाने पाहुण्यांचे सोयीकरिता गृहाचे भिंतीवर सरोवराचे चित्र काढविले, आणि पाहुणे ते पाहून धन्य होऊन माघारी जात. हे वर्तमान हुजुरांस कळले आणि महाराज बहुत कष्टी जाहले, आणि मग सिंहासनावरोन उठोन बोलिले, "ऐसे पाप आम्हांकडून होणे नाही. आम्हीही महाल बांधू, परंतु ऐसा बांधू की पाहुणा येईल, राहील, जेवील, जाईल, आणि कोणी आला होता हे गवताचे पात्यास कळणार नाही. डोंगरास ओरखडा नाही. झऱ्यास धक्का नाही. मुंगीस वळसा नाही." दरबार म्हणाला, वाहवा. मग महाराजांनी विचारिले, हे काम कोणाचे हाती द्यावे? तों हत्तीखान्याकडील यादोपंत पुढे जाहले. पंतांनी डोंगर जवळून पाहिला नव्हता आणि झाडांपैकी केळ तेवढी ते ओळखीत, परंतु त्यांजपाशी हिरवे पागोटे होते आणि ते दुसऱ्या कोणापाशी नव्हते. सबब अठरा कारखान्यांवर एकोणिसावा उभा राहिला, त्यास हरितखाना नाव दिले, आणि यादोपंतांस हरितनवीस केले.

हरितनवीस होताच पंतांनी चाळीस कलमांचा जाबता केला, आणि तो ऐसा कडक की त्याप्रमाणे चालल्यास डोंगरास काही होणे शक्य नव्हते, कारण डोंगर त्यात कोठे आलाच नव्हता. इकडील एक झाड तोडिल्यास दुसरीकडील एक झाड न तोडण्याचा संकल्प सोडावा, म्हणजे फिटंफाट. गवंडी व सुतार यांनी भूमीस पाय लावू नये, मजुरांचे खांद्यांवरोन चालावे. मजुरांचे पाय मोजणीत धरू नयेत. खड्डा काढणे म्हणजे भूमीस जखम, सबब मेढी पुरू नयेत, खडकावर नुसत्या उभ्या कराव्या. यावर एका म्हाताऱ्या सुताराने भीत भीत विचारिले, "पंत, पुरल्याबिगर मेढ उभी ऱ्हाईल कशी?" पंत म्हणाले, "तिला समज द्या." आणि सर्वांत न्यायाचे कलम ते हे की सड्यावरील समस्त रहिवासी जीव, म्हणजे बेडूक, सरडे, खेकडे, किडे वगैरे, यांस जाहीर केले की महालाविषयी कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांचे आत लेखी कळवावी, आणि तो जाहीरनामा सड्यापासोन तीस कोसांवर कचेरीचे दारास डकविला. महिना फाल्गुन. बेडूक खडकाचे भेगांत झोपले होते. मुदत सरली आणि एकाचीही हरकत आली नाही. पंतांनी शेरा मारिला, "बेडूक राजी."

मग चैत्र लागतांच पंत लवाजमा घेऊन सड्यावर गेले. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील उघडा काळा खडक. वर माती चार बोटे, चार महिने पाणी व फुले, आठ महिने ऊन व वारा. मध्यभागी एक झरा, वैशाखातही न आटणारा परंतु बारीक, ऐसा की घागर लावावी आणि ती भरेतों सावकाश एक विडा खाऊन व्हावा. झऱ्यापासोन हाकेच्या अंतरावर धनगरांची सात खोपटांची वाडी, आणि त्या सात खोपटांतील माणसांचे, लेकरांचे व गुरांचे पाणी त्या एका झऱ्याचे. दुसरा झरा दोन कोस खाली, कड्याचे पोटात. वाडीत शब्द चाले तो भिवराबाई झोरे हिचा. वय पन्नाशीचे, हातात काठी, मागे बावीस गाई, आणि जिभेस धार ऐसी की तिजपुढे वाडीतील विळे निवांत असत. पंत तिला म्हणाले, "बाई, येथे सरकारी महाल होणे आहे. चांगली जागा दाखवा."

भिवराबाई म्हणाली, "जागा मानसानं न्हाई दावायची. गुरं दावत्यात."

पंतांनी कारकुनास खूण केली, लिहा, गुरे दाखवितात. मग विचारिले, "ते कैसे?"

"आमच्यात नवं खोपाट घालायचं झालं की आदी एक पावसाळा गुरं मोकळी सोडायची, आन चार म्हयनं बगत ऱ्हायचं, बसत्यात कुटं. पाऊस झोडपाय लागला की गाय वल्यात बसत न्हाई, वाऱ्याला बसत न्हाई. जितं ती रोज बसंल तितं घर. जितनं उटून गेली तितं न्हाई. आज्यापणज्यापास्नं हेच चालत आलंय."

"म्हैस धरली तर चालेल काय?"

"चालंल की. घर पाण्यात पायजेल आसंल तर."

वाडीच्या बायका पदरात तोंड घालोन हसल्या. भिवराबाईचा धाकटा दीर धाकू, तो बाजूस घोंगडी पांघरोन उभा होता, तो म्हणाला, "पंत, गाय न्हाई गावली तर तुमी सोता बसून बगा. वल्यात काय तुमी बी बसायचा न्हाई. गाईयवडी अक्कल आसंलच की." पंतांनी हे लिहू नका ऐसे कारकुनास सांगितले, म्हणोन हे बखरीत आले.

पंतांस ती रीत फारच आवडली. अडाणी लोकांचे पुरातन ज्ञान, ऐसे त्यांनी तीन वेळ म्हटले आणि तिसरे वेळी डोळे पुसले. अडचण इतकीच की पावसाळ्यास दोन महिने होते, आणि इकडे परराज्यांतील बारा पाहुण्यांस आमंत्रणे गेलेली की श्रावण वद्य द्वितीयेस महालात राहावयास यावे. चार महिने गुरांकडे पाहात बसले तर महाल कधी बांधावा? मग पंतांनी तोड काढिली, आणि दुसरे दिवशी सकाळी सड्यावर श्रावण सुरू करण्यात आला. चाळीस पखालजी झऱ्यातून पाणी उपसोन खडकावर शिंपीत, दोन नगारजी गडगडाट करीत, आणि एक कारकून आरसा हालवोन विजा पाडी. आता गाय कोणती? वाडीच्या गाई साध्या, त्यांस हुद्दा नाही, आणि काम तर सरकारी. सबब खास हुजुरांची लाडकी गाय गजगौरी आणविली. गजगौरीस पंचहजारी मनसब होती, आणि महाराजांचे हातची सनद होती की ती जेथे बसेल तेथोन तिजला व तिचे मागोन येणाऱ्यांस कोणी, खुद्द महाराजांनीही, उठवू नये. जन्मात ती गालिच्याखेरीज कशावर बसली नव्हती. तिला मेण्यातून सड्यावर उतरविले. चैत्राचे ऊन, खडक तव्यासारखा तापलेला, शिंपलेले पाणी चर्र करोन उडोन जाई. गजगौरी दोन घटका चारी पाय आळीपाळीने उचलीत उभी राहिली, आणि मग सरळ झऱ्याकाठी गेली आणि तेथील थंड ओल्या मातीत बसली आणि डोळे मिटले. पंतांनी तेथेच नारळ फोडिला.

भिवराबाई धावत आली. "आवं पंत, चैतात गाय गार जाग्यालाच बसंल! मी बी तितंच बसते! ही जागा सरावनात कंबरभर पाण्यात आसती."

"बाई, श्रावणच चालू आहे."

"ह्यो सरावन? माज्या घागरीतलं पाणी वरनं वतलं म्हंजी सरावन झाला? चार दिस झालं झऱ्याचा गाळ दिसाय लागलाय. बाया दोन कोस कडा उतरून पाणी आणत्यात. पाय घसरून एक मेली म्हंजी तुमचा भादवा बी उरकून जाईल."

पंतांनी उत्तर केले की निसर्गाकरिता सर्वांनीच थोडथोडी झीज सोसावी, आणि ऐसे म्हणोन सरबत घेतले. मग त्यांनी शिक्कामोर्तबाचा एक कागद भिवराबाईचे हाती ठेविला. तिला वाचता येत नव्हते म्हणोन कारकुनाने मोठ्याने वाचला. मजकूर ऐसा की, महालास झऱ्याचे पाणी लागेल, आणि खोपटे पाहुण्यांचे दृष्टीस पडल्यास रानाचे निर्मळ एकांतास बाध येईल, सबब वाडीने श्रावण अमावास्येचे आत सडा सोडोन जावे, आणि तोंवर खोपटांनी धुक्यात झाकोन राहावे. परंतु पाहुण्यांस धनगरी राहणी पाहण्याची हौस असते, म्हणोन दरबारचे नाटकशाळेतील सात असामींस घोंगड्या व काठ्या देऊन योग्य अंतरावर उभे करण्यात यावे. धाकू म्हणाला, "वैनी, म्हंजी आमी जायाचं आन आमचं सोंग ऱ्हानार?" भिवराबाईने कागदाची घडी केली आणि कमरेच्या चंचीत, पानसुपारीशेजारी, ठेवोन दिली.

मग महाल उभा राहिला. वैशाखात काम सुरू जाहले आणि ज्येष्ठाचे आत पुरे जाहले. जाबत्याप्रमाणे परका जिन्नस एकही नाही. झऱ्यावरच, पाच हात उंच मेढींवर फळ्यांची मोठी तक्तपोशी. भिंती कारवीच्या, शेणामातीने सारवलेल्या. छप्पर भाताचे पेंढ्याचे, वर झऱ्याकाठच्या कोवळ्या गवताची शाकारणी. गाद्यांत गवत, उशांत मऊ गवत, दारांस हिरव्या ताटांचे पडदे. थोडक्यात, महालात गाय खाणार नाही ऐसे फक्त यादोपंत होते. मेढींस रीतसर समज देण्यात आली. महाराजांची पालखी थेट आत जावी म्हणोन पुढे रुंद उतरण बांधिली. आणि सड्यावर कोठे पाटी लावोन कोणी शोभा बिघडवू नये याकरिता 'येथे पाटी लावू नये' ऐशा तीनशे पाट्या करविल्या; पैकी शंभर लागल्या, दोनशे उरल्या, त्या वाडीमागील उंचवट्यावर रचोन भोवती काट्यांचे कुंपण घातले. भिवराबाई पुन्हा आली. म्हणाली, "पंत, आमी जायाचं तवा जाऊ. पर त्यो उंचवटा गुरांचा हाय. पाऊस लागला की त्यास्नी बसाय तेवडीच कोरडी जागा."

पंत म्हणाले, "आता तेथे पाट्या बसल्या आहेत."

"मग गुरं कुटं बसायची?"

"गुरांनी आपली रीत पाहावी."

हे वाक्य पंतांनी सहज म्हटले. पुढे ते फार महागात गेले.

पाऊस आपले वेळेस आला. त्यास आमंत्रण नव्हते. झऱ्याचे डबके जाहले, डबक्याचे तळे जाहले, आणि श्रावण वद्य द्वितीयेस महाराज बारा पाहुण्यांसह आले तेव्हा महाल कंबरभर पाण्यात उभा होता. पाहुणे हर्षाने म्हणाले, "जलमहाल!" पंत म्हणाले, "तेही योजिलेलेच." पाहुण्यांनी धुके पाहिले, मग पुन्हा धुके पाहिले, आणि दूर कड्याशी घोंगड्या पांघरोन थरथरणारे नाटकशाळेतील सात जण पाहून, काय हे साधे सुखी जीवन, ऐसे म्हणाले. दुपारी पाऊस ऐसा लागला की समोर धरिलेला हात दिसेना. वाडीच्या बावीस गाई आपले नित्याचे उंचवट्याकडे गेल्या, तों भोवती काटे, आत पाट्या. त्या उभ्याच राहिल्या. इकडे गजगौरी चैत्रापासोन सड्यावरच होती, जागा निवडल्याची मानकरी म्हणोन तिजला छत्री दिली होती, ती छत्री आता गळू लागली. गजगौरीने चहूंकडे पाहिले. तिजला समोर रुंद उतरण दिसली, आणि उतरणीचे वर महाराजांकरिता अंथरलेला गालिचा दिसला. ती चालू लागली. आणि पुढील गाय चालली म्हणजे मागील चालते ऐसा गुरांचा धर्म असल्याने बावीस गाईही मागोन चालल्या. दारावरील चोपदाराने मनसब ओळखोन ललकारी दिली, "गजगौरी पंचहजारी, आस्ते कदम!" आणि ती आत शिरोन गालिच्याचे मधोमध बसली, आणि बावीसही बसल्या, आणि महाल थोडा कलला.

पंत ओरडले, "उठवा यांना!" कोणी हालले नाही. सनद होती. महाराज स्वतः दोन पावले पुढे आले, मग आपले हातची अक्षरे आठवोन तितकीच मागे गेले. मग गजगौरीने मान लांबवोन महाराजांची उशी खाल्ली. पाहुण्यांस वाटले की हा या देशीचा स्वागताचा विधी, आणि एकाने टाळ्या वाजविल्या. त्या दिवशी पडदे गेले. दुसरे दिवशी भिंती गेल्या. पाऊस खंडेना, गाई उठेनात, खाल्लेले सरले की शेजारचे खात, आणि पाहुणे मधोमध दाटीने बसत, आणि गाई त्यांकडे तोंड करोन रवंथ करीत. पंत पाण्यातून भिजत वाडीवर गेले आणि म्हणाले, "बाई, तुमची गुरे आवरा!"

भिवराबाई म्हणाली, "माजी बावीस आत्ता आवरते. पर म्होरची पंचहजारी तुमची हाय. तिला तुमी उटवा, बाकीची आपसूक येत्यात."

"तिला उठविता येत नाही. सनद आहे."

"मग बसू द्या. तुमीच म्हनला न्हवं का, गुरांनी आपली रीत पावावी? वल्यातनं उटून कोरड्याला बसल्यात. रीतच हाय."

तिसरे दिवशी छप्पर खाली ओढोन खाल्ले. छप्पर गेले तेव्हा महाल ओला जाहला, आणि महाल ओला जाहला तेव्हा गजगौरी उठली. कोणी उठविली नाही, सनदेस बाध आला नाही, ती आपण उठली आणि उतरणीने खाली पाण्यात शिरली, आणि बावीसही मागोन शिरल्या. ते क्षणी मेढींस दिलेली समज संपली. त्या एकामागोन एक आडव्या जाहल्या, तक्तपोशी सुटली, आणि सर्व ओढ्यावाटे कड्याखाली गेले. महाराजांनी गजगौरीचे शेपूट धरिले, पंतांनी महाराजांचा शेला धरिला, पाहुण्यांनी एकमेकांचे कमरपट्टे धरिले, आणि ऐसी ती रांग वाडीस लागली. शास्त्रात वैतरणी नदी गाईचे शेपूट धरोनच तरावी ऐसे सांगितले आहे. जिवंतपणी तरलेले हेच पहिले.

मग महाराज भिवराबाईचे खोपटात चुलीपाशी बसले. तिने त्यांस कोरडी घोंगडी दिली, नाचणीची भाकर व कढत कढी दिली. महाराजांनी खाली हात लाविला, माती कोरडी. भिंतीस हात लाविला, कोरडी. वारा नाही. ते म्हणाले, "बाई, तीन दिवस आभाळ फाटले आहे. येथे कोरडे कैसे?"

"गाय बसली व्हती न्हवं का. माज्या सासऱ्यानं चार म्हयनं गाईमागं बसून ही जागा काडली."

"चार महिने? काही न करिता?"

"न करता कसं? बसला व्हता की."

महाराजांनी भाकरीचा तुकडा कढीत बुडविला. ऐसे ऐकिले की त्यांचे मनात विचार आला होता. खरे खोटे गाय जाणे. मग भिवराबाई म्हणाली, "म्हाराज, भाकर पोटभर खा, पर येक सांगते. आमावास्येला आमी उटतोय. खाली कड्याच्या पोटात बाराबी म्हयनं ऊन लागत न्हाई, तितं लेकरू जगत न्हाई, वासरू जगत न्हाई. झरा तुमचा झाला. तुमी वर्सातनं चार दिस येनार, आन त्या चार दिसांसाटी आमी जलमभर तहानेलं."

"तुम्हांस कोणी उठविले?"

"तुमी."

महाराजांनी पंतांकडे पाहिले. पंतांनी छपराकडे पाहिले. छप्पर उत्तम होते. मग महाराज म्हणाले, "पाहू." दरबारी भाषेत पाहू म्हणजे पाहणार नाही, हे भिवराबाईस कोणी सांगितले नव्हते, तरी तिने कढीचे भांडे उचलोन नेले.

चौथे दिवशी धुके उठले, ऊन पडले, आणि पाहुणे बाहेर येऊन पाहतात तों सडा मोकळा. तळे निथळोन झरा आपले जागी वाहतो आहे, खडकास ओरखडा नाही, खड्डा नाही, खिळा नाही, आणि तेथील चार बोटे मातीत तेरडा फुलला आहे. शंभर पाट्याही ओढ्याने नेल्या होत्या. पाहुण्यांपैकी दूरदेशीचे दरबारचा एक वृद्ध वकील होता, त्याने विचारिले, "महाल कोठे आहे?" महाराजांचा चेहरा उतरला. तों यादोपंत पुढे जाहले, भिजलेले हिरवे पागोटे सावरिले आणि म्हणाले, "हाच तो." वकील म्हणाला, "कोणता?" पंत म्हणाले, "महाराजांनी प्रतिज्ञा केली होती की पाहुणा येईल, राहील, जाईल आणि गवताचे पात्यास कळणार नाही. विचारा पात्यास." वकील खाली वाकला, गवतावरोन हात फिरविला, आणि त्याचे डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, "महालाचे भोवती रान राखणारे पुष्कळ पाहिले. महालच नाही ऐसा महाल प्रथम पाहिला." मग त्याने आपले अंगावरील शालजोडी महाराजांस पांघरली, बाराही पाहुण्यांनी वाहवा केली, आणि तेथल्या तेथे हुकूम जाहला की महाल कधी बांधिलाच नव्हता आणि याउपर तसेच लिहावे.

हे सर्व भिवराबाई काठीवर हनुवटी टेकोन ऐकत होती. ती पुढे आली आणि तिने चंचीतून कागदाची घडी काढिली. "पंत, ह्यात काय लिवलंय? म्हालाला झरा लागतो म्हनून वाडी उटवा. आता मला येक सांगा, म्हाल व्हता का न्हवता? व्हता आसंल तर ह्यो कागद ह्या पावन्यांस्नी दावते, आन चैतात सरावन कसा पाडला ते बी सांगते. न्हवता आसंल, तर मग झरा कुनाला लागतो?"

पंतांनी पागोटे पुन्हा सावरिले. वकील म्हणाला, "ही बाई काय म्हणते?" धाकू म्हणाला, "काय न्हाई, सायेब. गाईला चारा इचारतीया." महाराज हळूच म्हणाले, "कागद हुजुरांस द्यावा." भिवराबाईने तो हुजुरांस दिला नाही. तिने तो गजगौरीपुढे धरिला. गजगौरीने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी मान हालविली. कोणी म्हणतात माशी बसली होती. मग गजगौरीने तो कागद शिक्कामोर्तब व लाखेसह खाल्ला, आणि सर्वजण ती गिळेपर्यंत अदबीने उभे राहिले. भिवराबाई म्हणाली, "झालं. हुजुरांस्नी दिल्यालं माघारी येतं. गाईनं खाल्ल्यालं येत न्हाई." आणि घागर घेऊन झऱ्यावर गेली.

तात्पर्य येणेप्रमाणे. महाल जाहला नाही. तो गुरांनी खाल्ला नाही. वाडीस उठविण्याचा हुकूम निघाला नाही, सबब वाडी आहे तेथे आहे आणि घागर एका विड्यात भरते. उंचवट्यावरील दोनशे पाट्यांवर वाडीची हिवाळाभर भाकर भाजली. गजगौरी राजधानीस माघारी गेली नाही. ती उंचवट्यावर बसते आणि सनदेमुळे तिजला कोणी उठवीत नाही. नाटकशाळेतील सात जणांस जा ऐसे कोणी सांगितले नाही म्हणोन ते अद्याप कड्याशी उभे आहेत. दोघांनी शेळ्या घेतल्या. पाहुणे दरसाल येतात, मोकळ्या खडकाभोवती फिरोन न बांधिलेला महाल पाहतात आणि वाहवा म्हणतात. यादोपंतांस बढती मिळाली, आणि त्यांनी ऐसेच न दिसणारे महाल आणखी तीन डोंगरांवर योजिले आहेत. या वेळी दगडी, म्हणजे गुरे खाणार नाहीत. त्या तिन्ही डोंगरांवर झरे आहेत आणि झऱ्यांकाठी वाड्या आहेत. सबब भिवराबाईने सांगितले आणि आम्ही लिहिले ते येणेप्रमाणे हुजुरांचे सेवेसी सादर आहे.

विज्ञापना ऐसी जे, पुढे या राज्यात डोंगरी, रानी अथवा झऱ्याकाठी काही बांधणे जाहल्यास तत्पूर्वी खुद्द महाराजांनी हरितनवीसांसह त्या जागी ज्येष्ठापासोन आश्विनापर्यंत, एक पावसाळा पुरा, छत्राशिवाय, गुरांमध्ये बसावे. नारळ फोडू नये, पाटी लावू नये, कोणास काही समजावू नये. याची पक्की सनद मृगाचे आत मिळावी. आणि ते बसले असता गुरे उठली, तर त्यांनीही उठावे.